उचललेल्या पिकअपला मागचे शॉकअप: आधी टेप, मग दुकान

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पिकअप उचलून घ्यायची दोन कारणं असतात. एक खरं आणि एक फोटोसाठी. खरं कारण म्हणजे पावसाळ्यातली काळी माती. केळीच्या बागेपासून डांबरापर्यंतचा रस्ता जुलैत चिखलाच्या दोन नाल्या होऊन जातो आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. मग कुणी हौसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा आस) आणि पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मध्ये लोखंडी ठोकळा टाकतं, कुणी पाटा वाढवतं, कुणी शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणारी कडी) लांब करतं. गाडी दोन इंच वर जाते, माणूस खुश होतो. शॉकअपची आठवण मात्र महिन्याभरानं येते, तीही मागून ‘ठण्ण’ असा आवाज यायला लागला की.

हा लेख त्या महिन्याच्या आधी वाचावा म्हणून लिहिलाय. मागच्या बाजूला पाटे आणि सरळ हौसिंग असलेल्या गाड्यांसाठी आहे. बोलेरो पिकअप, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, सगळ्या त्यात येतात. पुढच्या चाकांचं गणित वेगळं असतं, त्यात इथं शिरत नाही.

शॉकअप वजन उचलत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कामं सोपी होतात. गाडीचं वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम पाट्याची उसळी मारून टाकणं एवढंच. खड्ड्यात चाक गेलं की पाटा वाकतो, परत सरळ होतो, आणि कुणी अडवलं नाही तर तसाच वरखाली नाचत राहतो. शॉकअपमधलं तेल पिस्टनच्या बारीक वाटांतून दाबून जातं, तिथं त्या नाचाची उष्णता होते, नाच थांबतो. म्हणूनच सातपुड्यातल्या दगडी रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला चटका देतो. तो तापलाय म्हणजे त्यानं काम केलंय.

यावरून दोन गोष्टी सरळ निघतात. माल भरल्यावर गाडी मागून बसत असेल तर शॉकअप बदलून ती उठणार नाही, पाटेवाल्याकडे जा. आणि हवा भरायचे किंवा बाहेरून स्प्रिंग असलेले ‘लोडचे’ शॉकअप दुकानदार पुढे करत असेल तर जरा थांबा. ते वजन उचलतात, पण ते वजन चासीवरच्या शॉकअपच्या ब्रॅकेटवर येतं आणि ते ब्रॅकेट त्यासाठी घडवलेलं नसतं. रिकाम्या गाडीला ते चालून जातील. केळीचे घड भरणाऱ्या गाडीला मी लावणार नाही.

गाडी कशी उचललीय, ते आधी पाहा

इथं नवख्यांचीच नव्हे, जुन्यांचीही गल्लत होते. दोन इंच लिफ्ट म्हणजे दोन इंच लांब शॉकअप, असा हिशोब लोक करतात. मीही केला होता.

ठोकळा टाकून गाडी उचलली असेल तर चासीपासून हौसिंग दोन इंच खाली गेलं. पण चासीखालचा रबरी ठोकळा, ज्यावर हौसिंग शेवटी येऊन आपटतं, तो आपल्या जागीच राहिला. म्हणजे हौसिंग पूर्वी जेवढं वर जाऊ शकत होतं तेवढंच आजही जातं. शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावरची जागा कंपनीतून आली तेवढीच, आणि पूर्ण लोंबल्यावरची जागा मात्र दोन इंच जास्त. तेव्हा शॉकअप असा हवा, जो बंद झाल्यावर जुन्याइतकाच आखूड होतो आणि उघडल्यावर जुन्यापेक्षा लांब जातो. ठोकळ्यासोबत रबरही दोन इंच खाली आणलं असेल तर गणित बदलतं, मग बंद लांबीही वाढलेली चालते.

पाटा वाढवला किंवा पाट्यांना नवी कमान दिली असेल तर गाडी वर येते, पण कडक झालेला पाटा खाली किती लोंबेल हे पाट्यागणिक वेगळं. शॅकल लांब केली असेल तर जेवढी लांब केली त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते. चार इंच शॅकल वाढली तर गाडी दोन इंच वर. यातल्या कुठल्याही प्रकारात खोक्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. त्या आकड्याला तुमची गाडी माहीत नसते.

आता माझं ऐका. माझ्या गाडीला ठोकळे टाकले होते, रबर तसंच ठेवलं होतं. शॉकअप आणले ते खोक्यावर ‘दोन इंच लिफ्टसाठी’ असं लिहिलेले. दिसायला देखणे, जाड, लाल. रिकाम्या गाडीला काही कळलं नाही. एकदा बागेतून घड भरून निघालो, गावाजवळच्या मोरीवर मागचं चाक उतरलं आणि ठण्ण. वाटलं, फाळका आपटला असेल. पुढे तो आवाज रोजचा झाला. तीन आठवड्यांनी डाव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं, आणि खाली वाकून पाहिलं तर चासीवरच्या वरच्या ब्रॅकेटला वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी चीर. गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाले नाना, वयानं साठीच्या पुढे, टायरवर बसून चहा पीत होते. म्हणाले, “काय व्हयनं भो?” मी आवाजाचं सांगितलं, ब्रॅकेटचं सांगितलं, ब्रँडला चार शिव्या दिल्या. त्यांनी फक्त विचारलं, “माप कुठंय?” माप नव्हतं. मग त्यांनी टेप काढला. हौसिंगखाली रबर पूर्ण दबायच्या आधीच माझा शॉकअप आतून टेकत होता. १५ मिमीनं. म्हणजे पाच सूतही नाही. प्रत्येक खड्ड्यात भरल्या गाडीचं वजन शॉकअपच्या दांड्यावर आणि तिथून त्या ब्रॅकेटवर आदळत होतं. शॉकअप चांगलाच होता बिचारा, माझ्या गाडीचा नव्हता.

तीन मापं

लागतो एक टेप, एक जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड), खडू आणि मोबाइल. मोबाइल कोन मोजायला. कोन दाखवणारं ॲप फुकट मिळतं, ते शॉकअपच्या नळीला टेकवायचं.

पहिलं माप गाडी चारही चाकांवर उभी असताना. शॉकअपच्या वरच्या बुशच्या (टोकाच्या कडीत बसवलेल्या रबराच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत. वरच्या बाजूला कडीऐवजी नुसता आट्यांचा दांडा आणि रबरी वायसर असेल तर रबर जिथं ब्रॅकेटला टेकतं तिथून मोजा आणि नवा शॉकअप घेतानाही त्याच जागेवरून मोजलेला आकडा मागा. हे माप दोनदा घ्यायचं: गाडी रिकामी असताना आणि नेहमीचा माल भरल्यावर. माल नसेल तर सिमेंटच्या पन्नास किलोच्या बारा गोण्या टाका, सहाशे किलो झाले.

दुसरं माप पूर्ण दाबल्यावरचं. हे थेट घेता येत नाही, कारण तेवढं वजन अंगणात कुणी टाकत नाही. म्हणून हिशोबानं काढायचं. गाडी रिकामी असताना हौसिंग आणि रबर यांच्यातलं अंतर मोजा, त्यात रबर दबेल ते मिळवा (जाड रबर निम्म्यापर्यंत दबू शकतं), आणि ही बेरीज रिकाम्या गाडीच्या पहिल्या मापातून वजा करा. शॉकअप उभा नसून तिरका असतो, म्हणून बेरीज पूर्ण वजा होत नाही. उभ्या रेषेपासून २५ अंश कलला असेल तर बेरजेला ०.९ ने गुणा. ३० अंशाला ०.८७. ४५ अंशाला ०.७.

तिसरं माप पूर्ण लोंबल्यावरचं. चासीखाली घोड्या लावून मागची दोन्ही चाकं हवेत, शॉकअपचं खालचं टोक सोडलेलं, हौसिंग जॅकवरून हळूहळू खाली. पाटा थांबला की वरच्या आणि खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. हे करताना ब्रेकचा रबरी होज, हँडब्रेकची केबल, एबीएसची वायर आणि हौसिंगच्या ब्रीदरची नळी, चारही बघत राहा. होज ताणून तारेसारखा झाला असेल तर तिथंच थांबा. आधी लांब होज बसवा, शॉकअपचं नंतर. आमच्याकडे लिफ्ट केलेल्या गाड्यांत ब्रेकचा होज बदललेला मला क्वचितच दिसतो आणि याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

माझ्या गाडीचे आकडे सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. तुमच्यासाठी ते आकडे नाहीत. रिकामी उभी असताना ४९० मिमी. रबरापर्यंत अंतर ९०, रबर दबतं २०, बेरीज ११०. शॉकअप २५ अंश तिरका, म्हणून ११० गुणिले ०.९ म्हणजे जवळपास १००. ४९० मधून १०० गेले, राहिले ३९०. हे पूर्ण दाबल्यावरचं. त्यातून २० मिमी मोकळीक सोडायची, कारण हिशोब कोनाच्या अंदाजावर आहे आणि चाक वर जाताना कोनही थोडा बदलतो. म्हणजे शॉकअप बंद होऊन ३७० पेक्षा लांब नको. लोंबल्यावर माप आलं ५६५. तिथं १५ मिमी जास्त धरायचे, म्हणजे उघडून ५८० तरी हवा. मी शेवटी घेतला तो बंद ३६५, उघडा ५८५. आणि आधीचा तो देखणा लाल? बंद होऊन ४०५. ३९० च्या जागेत ४०५ चा शॉकअप. नानांचे १५ मिमी ते हेच.

आणखी एक पडताळा. उभ्या गाडीत शॉकअप आपल्या चालीच्या कुठे उभा आहे ते बघा. माझा रिकामा असताना वर १२५ मिमी जाऊ शकतो, खाली ९५. माल भरल्यावर गाडी ६० मिमी बसते, तेव्हा वर ७० च्या आसपास उरतात आणि खाली १५०. माल वाहणाऱ्या गाडीला रिकाम्यात वरची जागा जास्तच हवी. कारण भरली की ती कमी होणारच.

कोनाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. शॉकअप जितका आडवा, तितकी त्याची पकड कमी, आणि ती दुपटीनं घटते. ३० अंशाला चाकापाशी जेमतेम तीन चतुर्थांश जोर पोचतो, ४५ अंशाला निम्माच. लिफ्टनंतर कुणी नवं ब्रॅकेट वेल्ड करून शॉकअप आडवा टाकून देत असेल तर त्याला हे सांगा. तसंच काही गाड्यांत एक शॉकअप हौसिंगच्या पुढे आणि दुसरा मागे असतो, ती चूक नाही. ॲक्सिलेटर दाबल्यावर हौसिंग पिळतं, ते आवरायला तशी मांडणी असते. दोन्ही एका बाजूला आणायची हौस करू नका. पण माप मात्र दोन्हीकडचं वेगवेगळं घ्या.

आतून कसा घ्यायचा

बाजारात तीन प्रकार मिळतील. साधा तेलाचा, दुहेरी नळीचा गॅसवाला, आणि एकेरी नळीचा गॅसवाला.

साधा तेलाचा स्वस्त असतो आणि डांबरावर चालतोही. कच्च्या रस्त्यावर सतत हलला की आतल्या तेलात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाला पकड नसते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी नाव झाल्यासारखी डोलायला लागते, थंड झाली की पुन्हा बरी. गॅसवाल्यात नायट्रोजनचा दाब तेलावर असतो, म्हणून फेस सहजी होत नाही. झाकण लावलेल्या सोड्यात बुडबुडे दिसत नाहीत, तसंच.

दुहेरी नळीत पिस्टन आतल्या नळीत फिरतो, बाहेरची नळी नुसतं कवच. बाहेर दगड लागून पोचा पडला तरी काम चालू राहतं. एकेरी नळीत पिस्टन थेट बाहेरच्या नळीलाच घासत फिरतो. त्यामुळे उष्णता पटकन बाहेर जाते, पकड टिकते, पण नळीला खोलवर पोचा पडला तर पिस्टन तिथंच अडकतो. तोरणमाळच्या घाटात किंवा अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला सलग दगडी रस्त्यावर जोरात चालवणाऱ्याला एकेरी नळी फायद्याची, तीही खाली दगडांपासून आडोसा असेल तर. दिवसभर शिवार, बाजार आणि अधूनमधून महामार्ग असं ज्याचं चालतं, त्यानं जाड नळीचा दुहेरी गॅसवाला घ्यावा, असं माझं मत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तेलाला आधीच ताप असतो. जाड नळीत तेल जास्त मावतं, पिस्टनही मोठा असतो. ३५ मिमीच्या पिस्टनपेक्षा ४० मिमीचा पिस्टन क्षेत्रफळात सुमारे तीस टक्के मोठा भरतो.

कडकपणाचं काय? शॉकअपची ‘वर येतानाची’ पकड पाट्याशी जुळायला हवी, कारण पाटा उसळतो तो तेव्हाच. जास्तीचा पाटा टाकला असेल तर थोडा कडक घ्या. पाटा कंपनीचाच, नुसता ठोकळा टाकलाय, तर कडक शॉकअपचा उपयोग नाही. रिकामी गाडी बैलगाडीसारखी धडधडेल आणि घरच्या माणसांच्या कंबरा जातील. दुकानदाराला विचारा: कंपनीच्या पाट्यासाठी आहे का, की तीनशे किलो जास्त धरून आहे? चांगल्या बनावटीत हे वेगवेगळे मिळतात. उत्तर ‘सगळ्याला चालतं’ असं आलं तर दुकान बदला.

पुढचं थोडक्यात. जोडीनंच बदला, एक कधीच नाही. बुशच्या आतल्या नळीचा व्यास आणि रुंदी तुमच्या ब्रॅकेटला जुळते का ते जुना शॉकअप हातात घेऊन ताडून बघा. आणि बंद लांबी, उघडी लांबी खोक्यावर नसेल तर दुकानात दाबून मोजा. कुणी हसलं तर हसू द्या.

बसवणं

आदल्या रात्री वरच्या आणि खालच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेल. आपल्याकडच्या चिखलात बोल्ट बुशच्या नळीत जाम होतात आणि सकाळी नुसता गोटी पाना फिरतो.

जागा कोब्याची हवी. काळ्या मातीवर जॅक लावू नका. उन्हाळ्यात भेगांमुळे आणि पावसाळ्यात चिखलामुळे तो बसणारच. पुढची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दोन्हीकडून ओट लावा, पहिला गिअर टाका. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्याच चाकांना असतो आणि तीच तर उचलायची आहेत. चासीखाली, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या थोडं पुढे, घोड्या लावा. विटा नकोत. वीट दाब सहन करते तोवर करते, मग सांगून फुटत नाही. दुसरा जॅक हौसिंगखाली, नुसता टेकवलेला.

एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचा जुना शॉकअप हौसिंगला धरून ठेवतो आणि वायसर कुठल्या क्रमानं होते हे विसरलात तर समोर नमुना असतो. तरी एक फोटो काढाच.

आधी खालचा बोल्ट, मग वरचा. जॅक एकदोन इंच वरखाली केला की बोल्टावरचा ताण सुटतो आणि तो बोटानं निघतो. न निघाला तर हातोडीनं आट्यांवर मारू नका, नट दोन आटे ठेवून त्यावर पितळी ठोकळा धरा. अगदीच जाम झाला तर हॅकसॉनं कापा. गॅस कटर मात्र शॉकअपच्या जवळ आणायचा नाही, नवा असो की मेलेला. आत दाब आणि तेल दोन्ही असतं.

नवा शॉकअप तेलाचा किंवा दुहेरी नळीचा असेल तर बसवायच्या आधी उभा धरून, दांडा वर ठेवून, चारपाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. गोदामात आडवा पडून आत हवेचा कप्पा झालेला असतो, तो निघतो. सुरुवातीला मध्येच एक पोकळ धक्का लागतो, नंतर सलग जड चाल येते. ती आली की तयार. दुहेरी नळीचा शॉकअप उलटा बसवायचा नाही, जाड नळी खालीच. एकेरी नळीचा बनवणाऱ्यानं सांगितलं असेल तर उलटाही चालतो. गॅसवाल्याला पट्टी बांधलेली असते, ती वरचं टोक लागेपर्यंत कापू नका. कापली की तो हळूहळू उघडतो आणि खालच्या कडीला स्वतःच शोधत येतो. बोटं मध्ये ठेवू नका.

वरचं टोक हातानं घट्ट, मग खालचं. हौसिंग जॅकनं वरखाली करून भोकं जुळवायची, शॉकअप ओढूनताणून नाही. बोल्टाचा नट टायरकडे येऊ देऊ नका. आणि आता महत्त्वाचं. पान्यानं आवळायचं नाही. अजून नाही.

रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागी घट्ट होते, बाहेरची कडी फिरते, मधलं रबर पिळलं जातं. गाडी हवेत लोंबत असताना आवळलं तर रबर त्या स्थितीला ‘सरळ’ मानतं आणि चाकं जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत बुश फाटतो, चरचर आवाज येतो. म्हणून घोड्या काढा, गाडी चाकांवर उभी करा, मागून दोनचारदा हलवा आणि मग खाली सरकून टॉर्क पान्यानं आवळा. किती टॉर्क, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि शॉकअपच्या कागदावर असतं. वर आट्यांचा दांडा आणि रबरी वायसर असेल तर रबर फुगून लोखंडी वायसरच्या कडेपर्यंत आलं की थांबा. बाहेर ओघळलं म्हणजे जास्त झालं. रबराला साधं ग्रीस लावू नका, ते फुगतं. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस वापरा.

आता दोन्ही बाजूला मोकळीक बघा. टायर, सायलेन्सर पाइप, ब्रेकचा पाइप, सगळ्यांपासून शॉकअप बोटभर तरी लांब हवा. आणि एक मागचं चाक विटांच्या ढिगावर किंवा बांधावर चढवून दुसरं लोंबू द्या, तेव्हा पुन्हा बघा. सपाट जमिनीवर न लागणारा शॉकअप तिरक्या गाडीत टायरला लागू शकतो. (हो, ढिगावर चढवायला विटा चालतात, घोडीच्या जागी चालत नाहीत.)

शॉकअपसोबत येणारी बाकी कटकट

ठोकळे टाकले असतील तर हौसिंगला पाट्याशी बांधणारे यू-बोल्ट नवे आणि लांबीनं बरोबर असायला हवेत. जुने ताणलेले असतात. एकावर एक दोन ठोकळे कधीच नको. गाडी उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडून साठच्या वेगाला थरथर येत असेल तर पाटेवाला पाचर टाकून तो जुळवून देतो.

काही पिकअपमध्ये हौसिंग आणि चासी यांच्यामध्ये एक दांडी जोडलेली असते आणि ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला ‘माल किती आहे’ ते सांगते. गाडी उचलली की चासी आणि हौसिंग लांब गेले, दांडीला वाटतं गाडी रिकामी, आणि भरल्या गाडीला मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. कन्नडहून चाळीसगावकडे घाटातून माल घेऊन उतरायचं असेल तर हे विसरून चालणार नाही. दांडीचं ब्रॅकेट उंचीप्रमाणे सरकवून घ्या आणि मोकळ्या मैदानात ब्रेक मारून बघा. नुसती मागची बाजू उचलली असेल तर हेडलाइट खाली जातात, तेही सेट करायचे.

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ उचलून धरला. शॉकअप जुने झाले म्हणून बदलणं वेगळं, गाडीची उंची बदलणं वेगळं. एमएच-१८ असो, १९ असो की ३९, लिफ्टच्या आधी आपल्या आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. कमर्शियल पासिंगची गाडी असेल तर दरवेळी फिटनेसला हा प्रश्न येऊ शकतो.

नंतरचे दिवस

पहिल्या दिवशी वीस किलोमीटर रिकामी फिरवा, मोरीवरून, गतिरोधकावरून. खाली वाकून सगळे नट पुन्हा बघा. यू-बोल्ट काढले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचेच, त्यांना थोडं बसायची सवय असते.

दांड्याच्या तोंडाशी हलकी ओल आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर घाबरू नका, सील ओलं ठेवायला तेवढं तेल लागतंच. ओघळ खाली नळीभर आला असेल तर ती गळती. दुकानदार ‘नवा आहे, सुकेल’ म्हणेल. सुकत नाही.

आणि कच्च्या रस्त्यावरून परत आलात की उतरून दोन्ही शॉकअपना हात लावून बघा, आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन. दोन्ही सारखे गरम असायला हवेत. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर थंड असलेला काम करत नाहीये, मग तो दिसायला कितीही नवा असो. नाना ही तपासणी गिऱ्हाइकाच्या गाडीवर चहाचा कप एका हातात धरूनच करतात. परवा पालच्या जंगलातून आलेल्या एका पोराच्या गाडीखाली हात घातला, दोन्हीकडे फिरवला आणि म्हणाले, “उजवा मेला.” पोरगा म्हणाला, पण दोन महिन्यांपूर्वीच तर टाकलाय. नानांनी कप खाली ठेवला आणि खिशातून टेप काढला.